कालची प्रश्नपत्रिका आज का उघडत नाही?

शाळेतला जुना संगणक बदलला, किंवा लॅपटॉपवरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून नवी घातली, की एक अनुभव पुष्कळ शिक्षकांना येतो. काही वर्षांपूर्वी मेहनतीने टंकलेली सहामाहीची प्रश्नपत्रिका उघडावी, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ‘कमल’ या साध्या शब्दाच्या जागी डी, ई आणि वाय ही तीन अक्षरे उभी असतात. कपाटातली छापील प्रत पिवळी पडली तरी वाचता येते. संगणकातली प्रत मात्र जशीच्या तशी असूनही वाचता येत नाही.

यंत्र बिघडलेले नसते, फाइल खराब झालेली नसते, व्हायरसही शिरलेला नसतो. मग अक्षरे गेली कोठे? याचे उत्तर शोधायचे तर दोन इतिहास शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक, सहज उचलून नेता येणाऱ्या लहान संगणकांचा; आणि दुसरा, मराठी अक्षराला संगणकात जागा मिळाली त्याचा.

मधला अडत्या

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. आपण कळ दाबतो तेव्हा आत एक आकडा जातो. तो आकडा कोठे साठवायचा, कोणत्या प्रोग्रामला द्यायचा, पडद्यावर त्याचे चित्र कसे काढायचे, या सगळ्याची व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो, तशीच ती यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये असते. अडत्या बदलला की व्यवहाराच्या खुणाही बदलतात.

पहिल्या लहान संगणकांत हा अडत्या सहसा बदलत नसे. १९८१ साली अमेरिकेत आलेला ऑस्बोर्न-१ ‘उचलून नेता येणारा’ म्हणून विकला गेला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंची. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, टीआरएस-८० मॉडेल १०० आला. तो जाडसर वहीएवढा होता, वजन दीड किलोहून कमी, आणि चार पेन्सिल सेलवर चाले. त्याची सारी कार्यप्रणाली ३२ किलोबाइटच्या रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली होती. बटण दाबताच तो सुरू होई, आणि काल जसा वागला तसाच आज वागे. अपग्रेडची कटकट नव्हती. पण त्याच कारणाने, कारखान्यात जे त्याला शिकवले नव्हते ते पुढे शिकवणेही जवळजवळ अशक्य होते. मराठी अर्थातच त्याला शिकवलेली नव्हती.

कार्डावरची मराठी

त्याच सुमारास आपल्याकडे वेगळा प्रयत्न चालू होता. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र तयार केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे पुढे वाढले. डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीला देवनागरी येत नव्हती, म्हणून जिस्टचे एक कार्ड संगणकाच्या पेटीत बसवत. पडद्यावर देवनागरी काढण्याचे काम ते कार्ड करी.

याबरोबरच अक्षरांचे क्रमांक ठरले. ‘इस्की’ नावाच्या या संकेताला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्यात ‘क’चा क्रमांक १७९ होता. गंमत अशी, की गुजराती किंवा बंगालीतल्या ‘क’लाही हाच क्रमांक होता. आपल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच साच्याची आहे, हे शाळेतले ज्ञान इथे कामी आले.

व्यवस्था चांगली होती, पण तिला एक मर्यादा होती. ते कार्ड टेबलावरच्या संगणकाच्या पेटीतल्या खाचेत बसत असे. लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नसते. मराठीला पिशवीत शिरायचे तर कार्डावाचून काम भागले पाहिजे होते.

रोमन अंगावर मराठी अंगरखा

१९९२ मध्ये विंडोज ३.१ आले आणि त्याबरोबर ट्रूटाइप फाँट आले. आता अक्षराचा आकार एका छोट्या फाइलमध्ये ठेवता येऊ लागला. मग एक युक्ती निघाली. रोमन ‘डी’च्या घरात ‘क’चे चित्र बसवायचे, ‘ई’च्या घरात ‘म’चे, आणि ‘वाय’च्या घरात ‘ल’चे. संगणकाला वाटते आपण डी, ई, वाय लिहिले. आपल्याला पडद्यावर ‘कमल’ दिसते. ही उदाहरणे कृतिदेव या फाँटमधली आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि इतर अनेक फाँट-संच याच मार्गाने चालत. मात्र कोणत्या घरात कोणते अक्षर बसवायचे, हे प्रत्येकाने आपापले ठरवले होते.

ही युक्ती स्वस्त होती आणि लॅपटॉपवरही चालत होती. पुण्या-मुंबईपासून बारामती-इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत डीटीपीची दुकाने उभी राहिली, ती याच्याच बळावर. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, शाळेचे वार्षिक अंक आणि प्रश्नपत्रिका भराभर तयार होऊ लागल्या. एका पिढीचे मराठी लेखन अशा रीतीने संगणकात गेले. पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. अकारविल्हे यादी लावता येत नसे, शब्द शोधता येत नसे. नवा संच आला आणि जुना फाँट त्यात नसला, की मराठी अंगरखा गळून आतले रोमन अंग उघडे पडे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. अक्षरे हरवली नाहीत. ती त्या फाइलमध्ये कधी नव्हतीच.

सगळ्यांचा एकच हजेरीपट

प्रत्येक वर्गात ७ क्रमांकाचा विद्यार्थी वेगळा असतो. ‘क्रमांक ७ ला बोलवा’ एवढा निरोप दिला तर घोटाळा होणारच. जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच हजेरीपट करावा, प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतंत्र क्रमांक द्यावा, ही कल्पना म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरी होती, आणि तिचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला होता. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, आणि हा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही अक्षराला मिळत नाही.

परंतु नुसता क्रमांक ठरून भागत नाही; ऑपरेटिंग सिस्टिमला तो कळावा लागतो. ‘क’नंतर ‘ि’ आली तर वेलांटी ‘क’च्या आधी काढायची, ‘र्’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, हे नियम तिला शिकवावे लागतात. मराठीची आणखी एक खास अडचण आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा फरक इतर अनेक भाषांना लागत नाही, आणि प्रत्येक प्रणालीला तो पहिल्यापासून नीट जमला असेही नाही.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आले २००० साली, विंडोज २००० बरोबर. २००१ च्या एक्सपीमध्येही ते होते, पण आपणहून चालू नसे. ‘रीजनल अँड लँग्वेज’ या भागात जाऊन खूण करावी लागे, आणि मग संगणक बहुधा मूळ सीडी मागे. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टात ही पायरी उरली नाही. संगणक तोच ठेवून कार्यप्रणाली बदलली आणि त्याला मराठी येऊ लागली, असे घडू शकले. अपग्रेडचा याहून मोठा लाभ आम्हाला सांगता येणार नाही.

लहान यंत्र, वाढती प्रणाली

२००७ हे वर्ष लहान संगणकांचे ठरले. त्या वर्षी असुस कंपनीचा ई-पीसी आला. पडदा ७ इंची, वजन एक किलोहून कमी, साठवण ४ गिगाबाइट. व्हिस्टाला एकटीला सुमारे १५ गिगाबाइट मोकळी जागा लागे. म्हणून हे ‘नेटबुक’ आधी लिनक्सवर चालले, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने खास अशा यंत्रांसाठी जुन्या एक्सपीची विक्री लांबवली. नेटबुकला सीडीची खाच नव्हती. मराठी चालू करायला सीडी मागणारी प्रणाली आणि सीडी न घेणारे यंत्र, असा हा जोडा होता!

त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहान वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत एक्सओ नावाचे छोटे लॅपटॉप पोचले. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातला हा आरंभीचा प्रयोग होता. एक्सओचा पडदा उन्हात वाचता येई, आणि लिनक्सवर बेतलेली त्याची ‘शुगर’ प्रणाली मुलांसाठीच रचलेली होती. मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेला मजकूर ‘जर्नल’ नावाच्या रोजनिशीत आपोआप जमा होई. नवी आवृत्ती घालण्याच्या पद्धती मात्र दोन होत्या. जाळ्यावरून घातली तर मुलांचे काम शाबूत राही. पेनड्राइव्ह लावून, चार कळा एकदम दाबून घातली, तर यंत्र कोरे होई आणि जर्नलही पुसले जाई. तंत्रज्ञाच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट सारखाच होता. मुलाच्या दृष्टीने एकीत त्याची वही राहिली होती आणि दुसरीत गेली होती.

न बदलण्याचेही कारण असते

अपग्रेड नेहमी करावेच असेही नाही. बारामती एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत याची कारणे समजून घेता येतात. संगणकाच्या हुकमाने चालणारे लेथ यंत्र वीस-पंचवीस वर्षे काम देते. त्याला सूचना पाठवणारा प्रोग्राम त्या काळच्या प्रणालीवर बेतलेला असतो आणि जोडणीही जुन्या सीरियल पोर्टची असते. प्रणाली बदलली आणि प्रोग्राम चालेनासा झाला, तर धडधाकट यंत्र उभे राहते. म्हणून कारखान्यांत एखादा जुना लॅपटॉप मुद्दाम न बदलता, जाळ्यापासून दूर ठेवून वापरतात.

जाळ्यापासून दूर ठेवणे महत्त्वाचे आहे. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, आणि विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. शाळांतले अनेक लॅपटॉप चालू स्थितीत असूनही या अटीत बसत नाहीत. ते भंगारात घालण्याआधी त्यांच्यावर लिनक्स घालून पाहणे शहाणपणाचे ठरेल. आजच्या लिनक्सला मराठी उत्तम येते.

शाळेत काय करता येईल?

आजचा सर्वांत लहान संगणक म्हणजे खिशातला फोन. त्यालाही मराठी पहिल्यापासून येत नव्हती. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी कित्येकदा रिकाम्या चौकटी दिसत. आज उसाच्या फडात उभा असलेला शेतकरी हवामानाचा निरोप मराठीत वाचतो, तो सर्व यंत्रांनी एकच हजेरीपट मानला म्हणून.

वरच्या वर्गांना एक प्रयोग देता येईल. शाळेच्या संगणकातली जुन्या फाँटमधली एखादी फाइल शोधावी. तिच्यातले दहा शब्द कागदावर घेऊन कोणत्या रोमन अक्षराच्या घरात कोणते मराठी अक्षर आहे, याचा तक्ता मुलांनी छापील प्रतीवरून बनवावा. ‘कि’ लिहिताना जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी आणि युनिकोडमध्ये नंतर का येते, हे त्यांना विचारावे. मग तीच फाइल रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून युनिकोडमध्ये न्यावी आणि चुका शोधाव्यात. जोडाक्षरे व रफार यांत त्या हमखास सापडतील. एका तासिकेत संकेत, लिपी आणि शुद्धलेखन अशा तिन्हींचा अभ्यास होतो.

हे काम खेळापुरते समजू नये. शाळांचे वार्षिक अंक, गावाची माहिती, मुलांनी जमवलेल्या ओव्या आणि म्हणी अशा किती तरी गोष्टी जुन्या फाँटमध्ये अडकून पडल्या आहेत. ते फाँट ज्या संगणकांवर आहेत, ते एकेक करून बंद पडत आहेत. तक्ता करून देणारे हात आणि छापील प्रत, दोन्ही आज उपलब्ध आहेत. तेव्हा पुढचा अपग्रेड करण्याआधी ही फाइल उघडून पाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.