१८४७: निळ्या पुस्तकांचं वर्ष

काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्ताने इंग्लंडात ब्रिस्टलला होतो. तिथून सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की वेल्स. एका शनिवारी गाडी काढली, पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने रस्त्यावर भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक अनोळखी शब्द दिसला. मी तो 'अराफ' असा वाचला. नंतर कळलं की वेल्शमध्ये 'एफ'चा उच्चार 'व' होतो, म्हणजे तो 'अराव', आणि अर्थ 'हळू'. पाट्याही सगळ्या दोन भाषांत. मी आपला इंग्लंडचाच एक कोपरा समजून गेलो होतो, इथे प्रकरण वेगळंच दिसत होतं.

कार्डिफजवळ सेंट फॅगन्स नावाचं एक म्युझियम आहे. जुनी घरं, दुकानं, चॅपेल, शाळा मूळ जागेवरून उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्या म्युझियमच्या संग्रहात लाकडाचा एक छोटा तुकडा आहे, त्यावर 'डब्ल्यू' आणि 'एन' अशी दोन अक्षरं कोरलेली. याचं नाव 'वेल्श नॉट'. शाळेत जो पोरगा वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात हा तुकडा. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की तुकडा त्या दुसऱ्याकडे. असा फिरत फिरत शाळा सुटताना तो ज्याच्याकडे असेल, त्याला मार.

हे कळलं आणि मला एकदम आमची शाळा आठवली. पाचवीत मी इंग्रजी माध्यमात गेलो. वर्गात मराठी बोललं तर चार आणे दंड, आणि कोण बोललं ते लिहायला एक वही. वही मॉनिटरकडे. मॉनिटर मी :) माझ्या बाकावरच्या मित्राचं नाव मी एका आठवड्यात सात वेळा लिहिलं होतं. तो डबा उघडताना "आज थालीपीठ आहे रे" म्हणायचा आणि मी लिहायचो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "बरोबर आहे, त्याशिवाय जीभ वळायची नाही."

तर त्या लाकडी तुकड्याचा पिच्छा पुरवता पुरवता मी येऊन पोचलो १८४७ सालात. वेल्श माणसाला इतिहासातलं सगळ्यात अपमानाचं वर्ष विचारलं तर बरेच जण हेच सांगतील. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी ना लढाई झाली, ना दुष्काळ पडला. फक्त एक सरकारी अहवाल छापला गेला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी झाली. पण १५८८ साली विल्यम मॉर्गनने बायबलचं वेल्श भाषांतर पूर्ण केलं आणि देवळाची भाषा वेल्श राहिली. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स नावाच्या पाद्र्याने फिरत्या शाळा काढल्या. एका गावात काही महिने शाळा चालवायची, लोकांना वाचायला शिकवायचं, पुढच्या गावाला जायचं. शिकवायची भाषा अर्थातच लोकांची, म्हणजे वेल्श. पुढे चॅपेलमधल्या रविवारच्या शाळांनी हेच काम उचललं. तिथे पोरांच्या शेजारी त्यांचे आजोबाही बसायचे. म्हणजे सरकारला पत्ताही नसताना हा गरीब समाज आपल्या भाषेत वाचायला शिकला होता. १८४७ च्या सुमारास वेल्सची वस्ती अकरा लाखांच्या आसपास. बहुतेकांची भाषा वेल्श, आणि त्यातल्या पुष्कळांना इंग्रजीचा गंधही नाही.

मग सरकार जागं कशाला झालं? तर दंगे. १८३१ साली मर्थरच्या लोखंडाच्या कारखान्यांतल्या कामगारांचा उठाव. १८३९ साली न्यूपोर्टला चार्टिस्टांचा मोर्चा, त्यावर सैनिकांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षापासून १८४३ पर्यंत पश्चिमेकडे शेतकरी बायकांचे कपडे घालून रात्री टोलनाके फोडत होते. लंडनला प्रश्न पडला की ही माणसं आपसात बोलतात काय! मार्च १८४६ मध्ये विल्यम विल्यम्स नावाच्या खासदाराने संसदेत मागणी केली की वेल्समधल्या शिक्षणाची, विशेषतः कामकरी वर्गाला इंग्रजी शिकायची काय सोय आहे याची, चौकशी करा. विल्यम्स स्वतः वेल्श शेतकरी कुटुंबातला, लंडनला व्यापारात पैसा कमावलेला. त्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्या लोकांनाही आपल्यासारखं वर येता यावं, एवढंच.

तीन कमिशनर नेमले: लिंगेन, सिमन्स आणि जॉन्सन. तिघेही इंग्रज, तिघेही सरकारी चर्चचे, आणि तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं. ज्या समाजाची तपासणी करायची तो बहुसंख्येने चॅपेलवाला आणि वेल्श बोलणारा. सहायक वेल्श जाणणारे होते, पण तेही बहुतेक चर्चचेच. साधारण सहा महिने ही मंडळी गावोगाव हिंडली. शाळेत शिरायचं, पोरांना प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपायची. प्रश्न बहुधा इंग्रजीत. आता ज्या पोराला इंग्रजी येत नाही त्याला तुम्ही इंग्रजीत बायबलवर प्रश्न विचारलात तर तो गप्पच बसणार ना? कागदावर उतरतं: 'मुलाला काहीही माहीत नाही.'

आमच्या धंद्यात याला टेस्ट केस चुकीची असणं म्हणतात. प्रोग्रॅम बरोबर चालत असतो, तुम्ही इनपुट भलत्याच फॉरमॅटमध्ये देता आणि वर बग नोंदवता.

पण इथे थोडं थांबायला हवं. कमिशनरांनी सगळं खोटं लिहिलं असं नाही. शाळांची अवस्था खरंच भयानक होती. कोंदट खोल्या, फुटकी बाकं, दुसरा कुठला धंदा जमला नाही म्हणून मास्तर झालेली माणसं. पोरं इंग्रजी शब्द पोपटासारखे वाचायची, अर्थ ना त्यांना कळायचा, ना कधीकधी मास्तरला. हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. रविवारच्या शाळांचं थोडंफार कौतुकही केलं. आणि वेल्श नॉटचा प्रकार त्यांनीच अहवालात लिहून ठेवला, तोही नापसंती दाखवून. गळ्यातला तुकडा दुसऱ्यावर ढकलण्यासाठी मुलं सवंगड्यांच्या घरी चोरून जायची, कोण आईबापांशी वेल्श बोलतंय हे पकडायला! हे वाचून माझी वही मला जरा जास्तच टोचली.

शिवाय हा तुकडा कुठल्या कायद्याने आलेला नव्हता. अहवालाच्या कितीतरी आधीपासून तो होता. मास्तर वापरायचे आणि आईबाप चालवून घ्यायचे. पोराला इंग्रजी यावं म्हणूनच तर फी भरत होते.

घोटाळा झाला तो निदानात. अहवालाने दारिद्र्य, अडाणीपणा, दंगे, कोर्टातल्या खोट्या साक्षी, या सगळ्याचं खापर फोडलं ते वेल्श भाषेवर आणि चॅपेलवर. ही भाषा म्हणजे नैतिक प्रगतीच्या आणि व्यापाराच्या वाटेतला धोंडा, असा एकंदर सूर. वर चर्चच्या पाद्र्यांच्या साक्षींवर भरवसा ठेवून वेल्श बायका चारित्र्याने सैल असल्याचं लिहिलं. का, तर म्हणे संध्याकाळी चॅपेलच्या प्रार्थनेहून परतताना तरुण मुलंमुली बरोबर असतात!

जुलै १८४७ मध्ये अहवाल संसदेपुढे आला. तीन खंड, बाराशेहून जास्त पानं. सरकारी अहवालांसारखी याचीही वेष्टणं निळी, म्हणून नाव पडलं 'निळी पुस्तकं'. वेल्समध्ये आगडोंब उसळला. एव्हन जोन्स ऊर्फ येवान ग्विनेथ नावाचा क्षयाने खंगलेला तरुण चॅपेलवाला आकडे घेऊन उभा राहिला. अनौरस जन्मांचं प्रमाण इंग्लंडच्या जिल्ह्यांशी ताडून त्याने दाखवलं की वेल्स काही त्यांच्याहून वाईट नाही. १८५० साली त्याने वेल्श बायकांसाठी मासिक काढलं आणि १८५२ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो गेला. १८५४ साली डेर्व्हेल नावाच्या कवीने या प्रकरणावर नाटक लिहिलं आणि त्याच्या नावावरून सगळं प्रकरणच 'निळ्या पुस्तकांचा दगा' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सॅक्सनांनी मेजवानीला बोलावून, लपवलेल्या सुऱ्या काढून ब्रिटनांची कत्तल केली अशी एक जुनी दंतकथा आहे, 'लांब सुऱ्यांचा दगा' नावाची. तिच्यावरचा हा श्लेष.

राजकारणही बदललं. दुखावलेले चॅपेलवाले सरकारी चर्चविरुद्ध एक झाले, आणि १८६८ च्या निवडणुकीत मर्थरमधून त्यांचा हेन्री रिचर्ड संसदेत गेला.

आता खरी मेख. अपमानाला उत्तर द्यायचं म्हणजे काय? आम्ही अडाणी नाही, मागासलेले नाही, हे सिद्ध करायचं. कोणापुढे? तर इंग्रजांपुढे. म्हणजे कोणत्या भाषेत? ज्या चॅपेलवाल्या पुढाऱ्यांनी अहवालावर आग पाखडली, त्यांच्यातल्याच कित्येकांनी पुढच्या काळात भराभर इंग्रजी शाळा काढल्या. अहवालातली शिवी त्यांनी परत फेकली, पण निष्कर्ष मुकाट्याने ठेवून घेतला: वर यायचं तर इंग्रजी, वेल्श घरात आणि चॅपेलात.

उरलेलं काम पैशाने केलं. तीन कमिशनरांपैकी लिंगेन १८४९ मध्ये लंडनच्या शिक्षण खात्याचा सचिव झाला. १८६२ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत नवा नियम आला: मुलं वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेत जितकी पास होतील त्या मानाने शाळेला अनुदान. परीक्षा इंग्रजीत, वेल्शला शून्य किंमत. आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जे मोजलं जातं तेच केलं जातं. वेल्शवर बंदी घालायची गरजच उरली नाही.

याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं म्हणून बघायला गेलो आणि चाटच पडलो. १८४७ मध्येच मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये हाच वाद पेटला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने. विरुद्ध बाजूला जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि इंजिनिअर असलेले कर्नल जॉर्ज जर्व्हिस, ज्यांनी १८२० च्या दशकात गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. नाना शंकरशेटांनी त्या वर्षी आपलं मत लेखी मांडलं की सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते देशी भाषांतूनच पोचेल. ते इंग्रजीचे शत्रू नव्हते, एल्फिन्स्टनच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. पुढे तडजोड झाली आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यात तीच पक्की झाली: खाली देशी भाषा, वर इंग्रजी. वेल्सच्या चौकशीत शंकरशेटांसारखा माणूस टेबलाच्या आतल्या बाजूला नव्हता. आपल्याकडे होता, म्हणून मराठी शाळा तरी राहिल्या.

आकडे सांगतो. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे पावणेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण ४३ टक्के. २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार, १७.८ टक्के. मधल्या काळात लढेही झाले. १९४७ साली, म्हणजे अहवालानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, लॅनेथ्लीला स्थानिक सरकारने चालवलेली पहिली वेल्श माध्यमाची शाळा उघडली. पुढे अशा शाळा वाढल्या, आणि घरी वेल्श न बोलणारे आईबापही मुलांना तिथे घालू लागले. २०५० पर्यंत दहा लाख भाषिक, असं तिथल्या सरकारचं उद्दिष्ट आहे. होईल न होईल, पण निदान आता मोजताना वेल्श धरली जाते.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तिच्या शाळेत वही नाही, दंड नाही. तरी ती मैत्रिणींशी इंग्रजीतच बोलते, आणि माझ्याशी बोलताना वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवते. तिला त्या शाळेत मीच घातलं आहे, त्यामुळे कुणाला बोल लावायची सोय नाही.

परवा त्या बाकावरच्या मित्राचा फोन आला होता. त्याला ही सगळी १८४७ ची कथा सांगितली आणि विचारलं, वही आठवते का रे? म्हणाला, "आठवते म्हणजे? पावणेदोन रुपये देणं लागतोस अजून."

द्यायचे आहेत. असो.