समाजवाद : नवी मुंबईतील दोन उदाहरणे

उत्पादनसाधने समाजाच्या मालकीची असावीत, असे मानणारी विचारसरणी म्हणजे समाजवाद. भांडवलशाही देशांत मात्र सरकारी मालकी, कल्याणकारी योजना, कामगार कायदे अशा निरनिराळ्या गोष्टींना हे नाव दिले जाते. नवी मुंबईतील सिडकोची जमीन व माथाडी मंडळे या दोन उदाहरणांवरून, समाजवाद नेमका कशाला म्हणायचे, हा वाद स्पष्ट होतो.

सिडकोची जमीन : चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये राज्य शासनाने सिडको ही कंपनी स्थापन केली. ९५ गावांच्या परिसरातील सुमारे ३४४ चौ. किमी. क्षेत्र या शहरासाठी ठरले. भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्या उत्पन्नातून रस्ते, पाणी, रेल्वे उभारायची, ही तिची पद्धत. मानखुर्द–बेलापूर रेल्वेमार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला. जमिनीची किंमत समाजामुळे वाढते, म्हणून ती वाढ समाजाकडे यावी, हे तत्त्व अमेरिकन विचारवंत हेन्री जॉर्ज यांनी मांडले होते; ते स्वतः समाजवादी नव्हते. सिंगापूरमध्येही बहुतांश जमीन सरकारी आहे, पण अर्थव्यवस्था भांडवली.

जमीन सार्वजनिक झाली, तरी भूखंडाचा भाव निविदा ठरवते. म्हणून काही अभ्यासक याला राज्य भांडवलशाही म्हणतात. ज्यांची भातशेती व मिठागरे गेली, त्या आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांचा आक्षेप वेगळा होता : वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा वाटा कुठे? शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. समाजवादी परंपरेच्या पक्षाने येथे सरकारी मालकीविरुद्ध शेतकऱ्याचा हक्क मांडला, हे विशेष. मिळालेले अनेक भूखंड नंतर बिल्डरांकडे गेले.

माथाडी मंडळे : वाशी-तुर्भे येथील घाऊक बाजारात माल व गाळे व्यापाऱ्यांचेच आहेत. पाठीवर गोणी वाहणारा माथाडी कोणा एका मालकाचा नोकर नसल्याने पूर्वी त्याला कसलेच संरक्षण नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ चा माथाडी कायदा झाला. माथाडींची टोळी व व्यापारी यांची नोंद मंडळात होते; व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो; मंडळ मजुरीसह भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस देते. मालकी जिथल्या तिथे राहते. मजुराची असुरक्षितता मात्र सामुदायिक जबाबदारी बनते. कट्टर मार्क्सवादी याला सुधारणा म्हणतील, सामाजिक लोकशाहीवादी समाजवादाची पायरी.

कायद्यातील अर्थ : १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला, पण व्याख्या दिली गेली नाही. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या संपादनातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरवले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता घटनेतील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही.

मूल्यमापन : सातबाऱ्यावर कोणाचे नाव, एवढी एकच कसोटी लावल्यास सिडको समाजवादी ठरते आणि माथाडी मंडळे ठरत नाहीत. लाभ व जोखीम कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिल्यास उत्तर उलटू शकते.