सणाचे चित्र आणि दुकानाचे नाव



प्रार्थनेच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेली संतांची रंगीत चित्रे आपण सर्वांनी हाताळली आहेत. एकोणिसाव्या शतकात त्याच शिळाछपाईतून आणखी एक चित्र घरोघर गेले: मालाबरोबर फुकट मिळणारे जाहिरातीचे कार्ड. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. तळहाताएवढ्या कार्डासाठी कधी दहा-बारा शिळा. युरोपात मांसाचा अर्क विकणाऱ्या लीबिग कंपनीने १८७० च्या दशकापासून सुमारे शंभर वर्षे अशी कार्डे काढली, बहुधा सहा-सहांच्या संचात. त्यांवर देशोदेशीचे पोशाख, चालीरीती, लोकांचे सण. मागे पुष्कळदा स्वयंपाकाची कृती! अर्क संपला, कार्डे मात्र लोकांनी वह्यांत जपून ठेवली.

आपल्याकडे हे काम कापडाच्या छापांनी केले. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर कृष्ण, लक्ष्मी, गणपती यांचे रंगीत कागद चिकटवलेले असत. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्रावरून माल ओळखता यावा, हा हिशेब. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. तो पुढे मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थांकडे आला. तेथे देवादिकांबरोबर जाहिरातीही छापल्या गेल्या. १९२८ च्या वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर तर धुरंधरांचा बाळकृष्ण होता. बाळाचे औषध आणि बाळकृष्ण, दुकानदाराने जोड बरोबर जुळवली.

आम्हाला खटकते ते एवढेच की या चित्रांत सण येतो, पण सणामागचे कष्ट येत नाहीत. पोळ्याचे घ्या. झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगे कोणीही काढील. आदल्या संध्याकाळी जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात. आमच्या मते खरा पोळा तो.

आणि आपल्या पांढुर्ण्याची गोटमार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगड चालतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. जीवही गेले आहेत. कार्डाचा चित्रकार येथे आला असता तर झेंडा, नदी आणि गर्दीचे रंग घेऊन गेला असता. डोक्याला पट्टी बांधून दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले पोर, आणि त्याच्याशेजारी पदर तोंडाला लावून बसलेली आई, त्याने घेतली नसती. त्या चित्रावर साबण खपत नाही.