तळटीप : ‘भन्नाट’

१. भन्नाट : (विशेषण, क्रियाविशेषणही; रूप बदलत नाही.) कानाशी भणभणत जाणारा, जोराचा (वारा). ‘सुसाट’मध्ये शीळ ऐकू येते, यात भणभण. वादळ ते वेगळे. भन्नाट वाऱ्याला पाऊस लागत नाही की कौले उडावी लागत नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून वर चढणारा वारा खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर आणून देतो, तिथे हा शब्द खरा शोभतो. बोलताना ‘भन्नाट वारं सुटलंय’ एवढेच म्हणतात. हवामानखात्याच्या भाषेत त्याला जागा नाही. हल्ली सिनेमा, मिसळ, कल्पना, सगळेच भन्नाट असते, आणि त्यात वाऱ्याचा मागमूस नसतो. प्रस्तुत उताऱ्यात मात्र वाचकांनी वाऱ्याचाच अर्थ घ्यावा. (संपा.)