पेटीच्या दारातला पराग

पुणे-सातारा रस्ता चेलाडी फाट्यावर सोडला आणि नसरापूर ओलांडून वेल्ह्याची वाट धरली, की भाद्रपद सरता सरता दोन्हीकडचे उतार पिवळे होऊ लागतात. खाली खाचरांत भात, वर वरकस जमिनीवर खुरासणी. या दिवसांत सातेरी या देशी मधमाशीची पेटी जवळून पाहावी. परतणाऱ्या कामकरी माशीच्या मागच्या दोन्ही पायांवर केशरट पिवळे गोळे असतात. फुलातली धूळ थोड्या मकरंदात मळून तिने ते वळलेले असतात. हेच गोळे वाळवून बरणीत भरले की शहरातल्या दुकानांत ‘आरोग्यदायी पराग’ म्हणून विकले जातात.

पराग खावा का, हा प्रश्न घेऊनच बहुतेक वाचक या विषयाकडे येतात. त्यांचे स्वागतच आहे. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : कोणत्या फुलाचा? पराग हा काही एकच पदार्थ नव्हे. त्यातले प्रथिन फुलागणिक बदलते, शेकडा १० पासून ४० पर्यंत. खुरासणीचा पराग वेगळा, मक्याचा वेगळा, जांभळाचा आणखी वेगळा. बरणीवर फूल आणि हंगाम लिहिलेला नसेल, तर आतल्या मालाबद्दल फारसे काही कळले असे मी मानत नाही.

परागाचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. महाबळेश्वरच्या डोंगरातल्या मध देणाऱ्या वनस्पतींच्या परागांचा अभ्यास तिथल्या मधमाशी प्रयोगशाळेने १९५३ मध्येच प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली. मधाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातल्या परागकणांवरून माशी कुठल्या झाडांवर गेली होती ते ओळखायचे, ही या शास्त्राची मूळ रीत. एकाच जातीचे कण शेकडा ४५ हून अधिक निघाले, तर तो मध सर्वसाधारणपणे त्या फुलाचा धरतात. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिनचे, इतके चिवट की तळ्याच्या गाळात हजारो वर्षे टिकते. जुन्या हवामानाचा शोध घेणाऱ्यांचे त्यात भले झाले. पण तेच कवच आपल्या पोटातही सगळे फुटत नाही. जाहिरातींत हे सहसा येत नाही.

जाहिरात बाजूला ठेवून हिशेब करू. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम परागात प्रथिन जेमतेम १ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम. परागात ब गटातली जीवनसत्त्वे, खनिजे, रंगद्रव्ये आहेत, हे खरे. पण त्याने अमुक आजार बरा होतो असे म्हणण्याइतका माणसांवरच्या चाचण्यांचा आधार आज नाही. उलट दमा किंवा परागाची ॲलर्जी असणाऱ्याला चमचाभरानेही जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करू नये.

आणि हा खाऊ मुळात कोणाचा? पेटीतल्या अळ्यांचा. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीची वसाहत वर्षाला वीस किलो किंवा त्याहून जास्त पराग खर्ची घालते. सातेरीची वसाहत लहान, तिची शिल्लकही कमी. पेटीच्या दाराला सुमारे ५ मिलिमीटर भोकांची जाळी बसवली, की मेलिफेराची माशी अंग चोरून आत जाते आणि गोळे खालच्या तबकात गळतात. जाळी कायम ठेवली तर पिल्लावळ उपाशी राहते. म्हणून जाणता मधपाळ ती फुलोऱ्याच्या ऐन भरात आणि थोडेच दिवस लावतो. गोळे ओलसर असतात. भोर-वेल्ह्याच्या दमट हवेत ठेवले तर लगेच बुरशी धरतात. ते ४० अंशांखालच्या उष्णतेवर वाळवावे लागतात.

पुढची प्रकरणे खुरासणीपासून सुरू होऊन हिरडा, जांभूळ आणि सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीपर्यंत जातात. वाचताना जवळ दहापट दाखवणारे साधे भिंग असले तरी पुरे. पेटी पाहायला जाल तेव्हा दारासमोर उभे राहू नका, माश्यांची वाट अडते, बाजूला बसा.