लोकनायक अणे आणि वऱ्हाडचा मतदार

निवडणूक तोंडावर आली म्हणजे कोण कोणत्या पक्षातून निघाला ह्याची गणती सुरू होते, आणि निघणाऱ्यावर निष्ठाहीनतेचा शिक्का मारण्यास कोणी विलंब लावीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात मात्र असा एक पुरुष होऊन गेला की, ज्याने मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन निवडणुकांपूर्वी दोनदा वेगळी चूल मांडली, आणि तरीही वऱ्हाडच्या मतदारांनी ज्यास अंतर दिले नाही. वणीस १८८० साली जन्मलेले व यवतमाळास वकिली करणारे माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे हे ते गृहस्थ होत. त्यांचे वर्तन चंचलपणाचे म्हणावे की सुसंगत, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतो.

१९२३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षास स्पष्ट बहुमत मिळाले. मंत्रिपदे न घेता द्विदल राज्यपद्धती बंद पाडावयाची, हा त्याचा बाणा. मंत्र्यांचा पगार वर्षास दोन रुपयांवर आणून त्याने तो खराही करून दाखविला. परंतु दादासाहेब खापर्ड्यांपासून टिळकसंप्रदायात वाढलेल्या वऱ्हाडास निव्वळ अडवणूक फार काळ रुचणारी नव्हती. ऑक्टोबर १९२५ मध्ये कायदेमंडळाचे अध्यक्ष, अमरावतीचे श्री. बा. तांबे, ह्यांनी गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली आणि ठिणगी पडली. पंडित मोतीलाल नेहरू संतप्त झाले. केळकर, जयकर व डॉ. मुंजे ह्यांनी उलट पक्षाच्या धोरणासच हात घातला. त्या तिघांनी कानपूरच्या अधिवेशनाच्या वेळी स्वराज्य पक्षाच्या नावावर मिळविलेल्या आपल्या जागा सोडल्या. तांबे पक्षाच्या जागेवरून थेट सरकारी खुर्चीवर गेले. ह्यांनी पक्षाचे ते पक्षास परत केले. हे अंतर लहान नव्हे. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास प्रतियोगी सहकारपक्ष उभा राहिला. अणे त्याच्या अग्रभागी होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाचे प्रांतिक बहुमत गेले आणि अणे पुनः दिल्लीस गेले.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वऱ्हाडावर निजामाचे स्वामित्व कागदोपत्री शिल्लक असल्याने हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. म्हणून वऱ्हाडने निवडलेल्या प्रतिनिधीची सरकार नियमापुरती नेमणूक करी! सरकारशी झगडण्यास निघालेला मनुष्य सरकारनियुक्त म्हणून सभागृहात बसे.

पुढे १९३० साली हेच अणे पुसदला जंगल सत्याग्रहाचे अग्रणी झाले. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाचा कायदा मोडणार कसा? येथील कुणब्यास जाचत होता तो जंगलचा कायदा. १० जुलै रोजी राखीव जंगलातील गवत कापून अण्यांनी तुरुंग पत्करला. १९३३ साली तर ते काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष होते. आणि लगेच १९३४ साली, जातीय निवाडा काँग्रेसने ना स्वीकारला ना धिक्कारला म्हणून, पंडित मालवीयांसह त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. काँग्रेसने त्या दोघांविरुद्ध उमेदवार न देण्याचे ठरविले. अणे निवडून आले. आजच्या वाचकास हा उदारपणा नवलाचा वाटेल.

आमच्या मते ह्या साऱ्या फेऱ्यांत एक सूत्र आहे: मतभेद झाला की तो निवडणुकीपूर्वी उघड बोलावा आणि निवाडा मतदारावर सोपवावा. अधिकारपदाचा मोह त्यांस शिवला नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते गेलेच. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी ती जागा सोडली, हेही खरे.

तथापि मतदार म्हणजे त्या काळी कोण, हे विसरून चालणार नाही. १९३४ साली सबंध देशात मध्यवर्ती कायदेमंडळाचे मतदार सुमारे १४ लाख. कापूस वेचणाऱ्या मजुरास त्यात स्थान नव्हते. वकील, सावकार, मोठे खातेदार ह्यांच्या आटोपशीर वर्तुळात माणसाच्या शब्दावर पक्षाहून अधिक विश्वास बसावा, ह्यात आश्चर्य नाही. ही निष्ठा प्रौढ मतदानाच्या उन्हात टिकली असती काय, अशी शंका घेण्यास जागा होती. १९६२ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, स्वतंत्र विदर्भाची मागणी घेऊन अणे नागपुरातून लोकसभेस उभे राहिले, ते कोणत्याही पक्षाचे नाव न लावता. आणि काँग्रेसच्या ऐन भरात निवडून आले.