जिताडा

जिताडा (लॅटीस कॅल्कॅरिफर) हा खाडी व किनारी समुद्रातील मोठा भक्षक मासा आहे. प्राणिशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. रायगडच्या खाड्यांत व खारेपाटातील तळ्यांत तो परिचित आहे. विचुंबे गावाजवळून वाहणारी गाढी नदी पनवेल खाडीस जेथे मिळते, तेथल्यासारखी निमखारी मुखे हा त्याचा खास अधिवास होय (पहा : खाडी).

तोंड मोठे, खालचा जबडा पुढे आलेला व शेपटी गोलाकार असते. पिल्ले प्लवक खातात. वाढलेला मासा कोळंबी, खेकडे व लहान मासे दबा धरून गिळतो. प्रजनन नदीमुखाच्या खाऱ्या पाण्यात होते. पिल्ले भरतीबरोबर कांदळवनात व गोड्या पाण्याकडे शिरतात (पहा : कांदळवन).

जिताडा सामान्यतः आधी नर असतो व काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे मोठे मासे वेचून पकडले, तर मुख्यतः माद्याच कमी होतात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही त्याची सर्वांत महत्त्वाची बाब आहे. भक्षक म्हणून तो लहान मासे व कवचधारींच्या संख्येवर दाब ठेवतो आणि समुद्र, खाडी व नदी यांच्या अन्नजाळ्यांना जोडतो (पहा : अन्नजाळे). बांध व भराव यांनी भरतीचा मार्ग अडला, की ही जोडणी तुटते.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे नियंत्रित प्रजनन साधले (पहा : मत्स्यसंवर्धन).